कानबाई गाणाऱ्या मावशीही संगीत शिकवतातच, त्यांना आमच्या संघात घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या तालुक्याच्या पानावर आमच्या संगीत शिक्षक संघाच्या स्नेहमेळाव्याची बातमी आली, फोटोही आला, सगळ्यांना खूप आनंद झाला आणि दिवसभर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच कात्रण फिरत होतं. पण बातमी होती चार ओळींची, दीपप्रज्वलन कोणी केलं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, संपलं. वर्षभर आम्ही काय करतो हे लोकांना माहीतच नाही, अगदी ज्यांची मुलं आमच्याकडे शिकायला येतात त्या पालकांनाही नाही, म्हणून हे पत्र. आणि खरं सांगायचं तर पत्रामागे एक मागणीही आहे. ती माझ्याच संघातल्या माणसांकडे आहे, सभेत मी ती मांडलेलीच आहे, पण पेपरातून यासाठी लिहितेय की ज्यांच्यासाठी ही मागणी आहे ती माणसं आमच्या ग्रुपवर नाहीत, तुमचा पेपर मात्र त्यांच्या गावच्या पारावर वाचला जातो.

आधी संघाबद्दल सांगते. तालुक्याच्या गावात संगीत शिक्षक म्हणजे एकटा जीव असतो. घराची पुढची खोली, एक सतरंजी, एक पेटी, एक तबल्याची जोडी, संध्याकाळी दोन बॅच आणि रविवारी सकाळी एक. शाळेत नोकरी असेल असं फार थोड्यांचं नशीब, आणि असली तरी संगीताच्या तासाला गणिताचे सर वर्ग मागून घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण आमच्या आजूबाजूच्या किती शाळांत मुलांनी पेटी जवळून पाहिलीय ते कोणीही जाऊन बघावं. त्यामुळे आम्ही बहुतेक जण खासगी क्लासवाले, आणि पूर्वी एका गावात पेटीचे दोन क्लास म्हणजे दोघांचं बोलणं बंद, कोणाचा विद्यार्थी कोणाकडे गेला यावरून वर्षानुवर्षं अबोला. हे सगळं बदललं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. संघ नावाला आधीपासून होता पण जिवंत झाला तेव्हा. क्लास बंद, फी बंद, पगार असा नाहीच, आणि मोबाइलवर शिकवायला बसलं तर ठेका आणि गाणं काही एकत्र येईना, कारण आवाज मागेपुढे पोचतो, तबलेवाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर असतो तेव्हा गाणारा अजून मात्राभर मागे. मग एकाने ग्रुपवर विचारलं की तुम्ही हे कसं जमवताय, दुसऱ्याने सांगितलं की मी ठेका आधी रेकॉर्ड करून पाठवतो आणि मुलगी त्यावर गाऊन परत पाठवते, तिसऱ्याने त्याच्याकडचे सगळे ठेके, विलंबित एकतालापासून दादऱ्यापर्यंत, फुकट सगळ्यांना पाठवून दिले. वर्षानुवर्षांचे अबोले त्या ठेक्यांनी मोडले असं मी म्हणेन. ज्यांच्या घरात अडचण होती त्यांच्याकडे किराणा पोचवला गेला, कोणी दिला ते आजही ग्रुपवर कोणी विचारत नाही.

आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका शाळेचा हॉल मिळतो, तिथे आम्ही जमतो. प्रत्येकाने आपला एक विद्यार्थी आणायचा आणि साथ मात्र दुसऱ्याच्या क्लासच्या मुलाने करायची, हा नियम मला फार आवडतो. कारण आमच्याकडची गाणारी पोरं मोबाइलमधल्या तबल्यावर वाढलीत, तो तबला कधी दमत नाही, कधी लय वाढवत नाही, गाणाऱ्याकडे बघतही नाही. समोर जिवंत पोरगा बसलाय, त्याचाही हात थोडा कापतोय, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घेताना तो डोळ्यांनी विचारतोय की येऊ का, हे एकदा अनुभवलं की मुलीचं गाणं महिनाभरात पुढे सरकतं, मी स्वतःच्या विद्यार्थिनींच्या बाबतीत बघितलंय. नंबर काढत नाही, ट्रॉफी नाही, चहा आणि शेवमुरमुरे.

दुसरं मोठं काम वाद्यांचं. हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलगी साधारण काळी चारला गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, मुलाचा आवाज फुटला की तो काळी एकला किंवा पांढरी दोनला उतरतो, आणि एकच तबला या सगळ्यांना पुरत नाही. काळी एकचा तबला ओढून ओढून काळी चारला न्यायला गेलात तर पुडीच, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडंच फाटते. म्हणजे निदान दोन-तीन वेगवेगळ्या तोंडाचे तबले हवेत, एकट्या क्लासवाल्याला ते परवडत नाहीत. संघाने वर्गणी काढून वेगवेगळ्या स्वरांचे तबले घेतले, वहीत नोंद करायची आणि न्यायचे, परत आणताना पुडी तपासून ठेवायची. पुडी भरून देणारे कारागीर पूर्वी आमच्याकडे यायचेच नाहीत, तबला पोत्यात बांधून एसटीने पाठवायचा आणि कधी परत येतो त्याची वाट बघायची, आता सगळ्यांचं काम एका दिवशी गोळा होतं म्हणून ते स्वतः येतात, हॉलच्या व्हरांड्यात बसतात, आणि पोरं त्यांच्याभोवती बसून पुडीवरची काळी शाई कशी थरावर थर घोटतात ते बघत राहतात. मिरजेहून एक तानपुराही संघाने आणलाय. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या मुलांना केवढा अभिमान वाटला, कारण आपल्याकडचा तानपुरा तिथलाच. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून आमचे एक सर तो मिरजेपासून अमळनेरपर्यंत मांडीवर धरून आले होते. तारेखालचा जवारीचा धागा सरकवता सरकवता अचानक तार झणझणून बोलायला लागते, तो क्षण बघून मुलं मोबाइलमधला तानपुरा आपणहून बंद करतात, सांगावं लागत नाही.

मग परीक्षा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आपल्याकडे उन्हाळ्यातली परीक्षा म्हणजे काय ते खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास, आणि त्या कोरड्या उन्हात कातडं ताणलं जाऊन तबला चढतो, सकाळी घरून नीट लावून नेलेला तबला केंद्रावर पोचेपर्यंत अर्धा स्वर वर गेलेला असतो, मग हातोडीने गजरा (पुडीची विणलेली कड) वर ठोकत ठोकत उतरवायचा आणि तोपर्यंत मुलाचं नाव पुकारलं जातं. आता संघाचे दोन जण आधीच जाऊन केंद्रावर बसतात, ओल्या फडक्याखाली जोडी झाकून ठेवतात, मुलं आली की लावलेली वाद्यं तयार. खेड्यावरच्या मुलांना एकत्र गाडी करतो. फॉर्म भरून देतो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून हल्ली गर्दी वाढलीय, त्याबद्दल काही शिक्षक नाक मुरडतात, मी मुरडत नाही. गुणांसाठी आलेली मुलगीही सूर ऐकतेच, आणि त्यातली एखादी दहावीनंतरही थांबते. शेतकऱ्याच्या घरात पेटीच्या क्लासला पाठवायचं तर काहीतरी कारण लागतं, गुण हे कारण असेल तर असू दे. कापसाला भाव पडला की घरात पहिली थांबते ती या क्लासची फी, केळीवर रोग आला की रावेर-यावलकडच्या आमच्या मित्रांचे निम्मे वर्ग रिकामे होतात, अशा वेळी संघाने ठरवलंय की त्या हंगामात कोणी फीसाठी मुलाला घरी पाठवायचं नाही, ज्याचे वर्ग रिकामे झाले त्या शिक्षकाला संघाच्या निधीतून उसने द्यायचे. हे सगळं लिहिताना मला या माणसांचा फार अभिमान वाटतो, आणि म्हणूनच पुढचं बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

आमच्या संघाच्या सभासद अर्जात एक अट आहे, ‘संगीत विशारद किंवा समकक्ष’, विशारद म्हणजे मंडळाच्या परीक्षा देऊन मिळणारी पदवी. ही अट काढावी किंवा तिच्या शेजारी दुसरा दरवाजा ठेवावा, ही माझी मागणी.

का ते सांगते. मागच्या श्रावणात आमच्या महिन्याच्या बैठकीला एका विद्यार्थिनीबरोबर तिची आजी आली होती, बोरी नदीच्या काठच्या एका खेड्यातली. नातीने भूप राग गायला, छान गायला. कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवाचे दिवस जवळ आले होते म्हणून कोणीतरी सहज म्हटलं की मावशी तुम्ही म्हणा ना कानबाईचं गाणं. मावशींनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि अशा उंच स्वरात सुरुवात केली की हॉलच्या बाहेर चपला काढत असलेली माणसं तशीच थांबली. आमचे पेटीवाले सर लगेच पट्टी शोधायला लागले, पण मावशींचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता, आणि गंधार (ग) तर कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली असा त्यांनी लावला, एकदा नाही, प्रत्येक वेळी तिथेच, नेमका. पेटीवर तो वाजेचना. (पेटीत हे बारीक स्वर निघत नाहीत हे तर आकाशवाणीने पेटीवर १९४० मध्ये बंदी घातली त्यामागचं एक कारण होतं, १९७१ पर्यंत ती बंदी टिकली.) तबल्यावरच्या पोराने आधी केरवा धरून बघितला, मग दादरा, ओळीच्या शेवटी मावशी श्वासासाठी जेवढं थांबायच्या ते कशातच बसेना, शेवटी त्याने हात मांडीवर ठेवला आणि ऐकत बसला.

पण मला खरं दाखवायचंय ते त्यानंतरचं. आमच्या दोन-तीन मुलींना ते गाणं शिकायचं होतं. मावशींनी एकीला जवळ बसवलं, तिचं मनगट धरलं, ओळ म्हणून दाखवली आणि म्हणायला लावली. जिथे श्वास घ्यायचा तिथे मनगट दाबायच्या, जिथे घ्यायचा नाही तिथे घट्ट धरून ठेवायच्या. मुलगी चुकली की काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळाने त्यांनी मनगट सोडलं आणि मुलगी बरोबर जागी श्वास घेत होती. मी इतकी वर्षं शिकवतेय, दम कुठे घ्यायचा हे मी मुलींना तोंडाने समजावते आणि त्या विसरतात. मावशींना विचारलं हे कोणाकडून शिकलात, तर म्हणाल्या सासूकडून, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण दळताना, आणि आता त्यांच्याकडे गल्लीतल्या सगळ्या सुना शिकतात. मी म्हटलं मावशी दर महिन्याला येत जा, तर हसून म्हणाल्या, “आमले कोन इचारस ताई.”

ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना हे नवीन नाही. नागपंचमीनंतरचा रविवार, नारळाची देवी, दागिने, रोट, सगळे भाऊबंद एकत्र, रात्रभर बायांची गाणी आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर. त्या एका रात्रीत जेवढं गाणं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातं तेवढं आमच्या सगळ्या क्लासमधून वर्षात जात नसेल. आणि कानबाई एकटीच थोडी आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी आहेत, गुलाबाईची (भुलाबाईची) गाणी आहेत, डफावर वही हा खानदेशी लोकगीतांचा प्रकार गाणारी मंडळी आहेत, त्यांच्यात एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे झेलतात, नवीन पोरगा आधी दोन-चार वर्षं नुसता झेलायला बसतो. तो त्यांचा अभ्यासक्रमच आहे, फक्त छापलेला नाही. नंदुरबारकडे पावरी वाजवणारे आहेत, दुधीचा भोपळा आणि पुढे लांब कर्णा असं ते वाद्य, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्र रात्र वाजतं, श्वास न तोडता वाजवायची त्यांची हातोटी ऐकून आमच्या बासरी शिकवणाऱ्या सरांनी मला फोन करून सांगितलं की हे मला शिकायला मिळालं पाहिजे. काठी गावच्या होळीला सातपुड्यातले जे ढोल वाजतात ते एकदा ज्याने ऐकले तो ताल हा विषय पुस्तकातून शिकवणार नाही.

आणि बँडवाले. आपल्या खानदेशात एकेकाळी लग्न म्हणजे बँड होता, आता डीजेने तो मागे ढकललाय, पण अजूनही लग्नसराई संपली की बँडच्या मास्तरकडे नवीन पोरं बसतात, क्लॅरिनेट ओठात कसं धरायचं, पोटातून फुंक कशी मारायची, गाल फुगू द्यायचे नाहीत, आणि एकाही पोरासमोर कागद नसतो, मास्तर गाणं तोंडाने म्हणतात, पोरं कानाने उचलतात. संध्याकाळी देवळात पखवाज शिकवणारे बुवा आहेत, धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावायची ते पोराला बोटांनी दाखवतात, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत वाजवत जाणारी मुलं त्यांच्याच हाताखाली तयार होतात. यातल्या एकाकडेही विशारदचा कागद नाही, आमच्या अर्जाप्रमाणे यातला एकही संगीत शिक्षक नाही. हे मला पटत नाही.

सभेत मी हे मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, विचारलं की मग दर्जाचं काय. त्यांना मी तिथे जे बोलले तेच इथे लिहिते. बालगंधर्वांचं लहानपण काही काळ आपल्या जळगावात गेलं आणि तिथे त्यांना मेहबूब खाँकडे गाण्याची तालीम मिळाली. आज आम्ही त्या गोष्टीचा अभिमानाने उल्लेख करतो, जळगावात बालगंधर्वांच्या नावाने नाट्यगृह आहे, महोत्सव होतो. त्या मेहबूब खाँनी आज आमचा अर्ज भरला असता तर आम्ही तो परत केला असता. दुसरं, ज्या परीक्षांवर आमची अट उभी आहे त्या कशासाठी सुरू झाल्या ते आठवावं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं घराण्यांच्या दारात अडकलेलं होतं म्हणून, कोणालाही येऊन शिकता यावं म्हणून. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. दार उघडण्यासाठी जी गोष्ट जन्माला आली तिच्याच आधारावर आपण कोणाला बाहेर ठेवू नये. आणि भातखंडे तर स्वतः वकील माणूस, गावोगावच्या उस्तादांकडे, दरबारी गवयांकडे गेले, ऐकलं, विनवण्या करून चिजा (बंदिशी) घेतल्या आणि स्वरलिपीत उतरवल्या, आज आपण जे पुस्तक उघडून शिकवतो ते त्यातून आलंय. कागद आला तो कागद नसलेल्या माणसांकडून.

आपल्या भागात बहिणाबाईंचं उदाहरण तर घरातलंच आहे. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर गाणं सुचायचं, आणि मुलगा सोपानदेवांनी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी ते लिहून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभरात, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते महाराष्ट्रापुढे आलं, आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. लिहिणारं कोणी जवळ होतं म्हणून शब्द वाचले. आज बोरीकाठच्या त्या मावशींच्या जवळ लिहिणारं कोण आहे? आम्ही आहोत. स्वरलिपी येणारी, कान तयार असलेली, हातात मोबाइल रेकॉर्डर असलेली इतकी माणसं एका तालुक्यात एकत्र येतात आणि दहा किलोमीटरवरची चाल आमच्याकडे लिहिलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि नुसतं लिहून घेऊन चालणार नाही, रेकॉर्ड करून आणलं आणि मावशींना विसरलो असं होता कामा नये, म्हणून तर सभासदत्वाचा आग्रह आहे. वर्गणी भरणारा, मत देणारा, हिशोब विचारणारा सभासद. जमत नसेल त्याची वर्गणी मी आणि माझ्यासारखे आणखी काही जण भरायला तयार आहोत, तसं मी लिहूनही दिलंय.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, कोणाला लागली तरी चालेल. ही कला सांभाळणारी माणसं बहुतेक करून शेतमजूर आहेत, आदिवासी आहेत, वस्तीवरची आहेत. कार्यक्रमात हौसेने त्यांना वीस मिनिटं वाजवायला बोलावलं जातं, शाल-नारळ दिला जातो, आणि त्यानंतर चहाला मात्र ती वेगळी उभी असतात. माझ्या मागणीला जो विरोध होतोय तो सगळाच दर्जासाठी आहे असं मला वाटत नाही, आणि सभेत सगळ्यांना ते ठाऊक आहे. संघाच्या रविवारच्या सतरंजीवर ते आमच्या शेजारी बसले पाहिजेत, त्यांच्या पोराला आमच्या पोराने साथ केली पाहिजे. एवढं झालं तर बाकी दर्जाबिर्जा आपोआप बघता येईल.

काही जणांची अडचण खरी आहे, तीही सांगते. परीक्षेच्या अभ्यासक्रमात हे बसत नाही, मुलांचा वेळ जाईल, पालक विचारतील. पण दहावीच्या वाढीव गुणांत लोककलेचीही सोय आहे, म्हणजे शासनाने जो दरवाजा उघडलाय तो निदान आम्ही तरी ओलांडून बघू. शिवाय वेळ किती जाणार, महिन्यातल्या एका बैठकीतला अर्धा तास. माझ्या ज्या विद्यार्थिनीचं मनगट मावशींनी धरलं होतं तिचा मध्यमा परीक्षेचा बडा ख्याल त्यानंतर किती सुटा झालाय ते तिच्या आईलाही जाणवलंय, आणि आईला गाण्यातलं काही कळत नाही.

पुढच्या महिन्यात संघाची वार्षिक सभा आहे. अट बदलण्याचा ठराव मी मांडतेय, दोन जणांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय, त्यात ते पेटीवाले सर आहेत ज्यांना तो गंधार सापडला नव्हता. ठरावात मी सुचवलंय की गावातल्या पाच माणसांनी ‘या व्यक्तीकडे आम्ही किंवा आमची मुलं गाणं-वाजवणं शिकलो’ असं लिहून दिलं की तेवढ्यावर सभासद करून घ्यावं, लिहिता येत नसेल त्याचा अंगठा चालेल. इतर तालुक्यांतल्या, धुळे-नंदुरबारकडच्या संगीत शिक्षकांनी त्यांच्याकडे अशी काही सोय आधीच केलेली असेल तर कृपया याच सदरात पत्र लिहून कळवावं, आम्हाला सभेत दाखवायला उपयोग होईल. ज्यांच्या गावात वही गाणारे, पावरीवाले, बँडचे मास्तर, कानबाईची गाणी शिकवणाऱ्या बाया आहेत त्यांनी त्यांना शेवटच्या रविवारी घेऊन यावं, सभासद झाले नाहीत तोवर पाहुणे म्हणून तरी यावं, जाण्यायेण्याचं भाडं आम्ही बघू.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही एक विनंती. येत्या श्रावणात रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक खानदेशी गाणं छापाल का? शब्द अहिराणीतच, शेजारी स्वरलिपी, आणि खाली गाणारीचं नाव आणि गाव, अर्थात तिची परवानगी घेऊन. गाणी गोळा करणं, चाल उतरवणं, तपासणं हे सगळं आम्ही करू, मानधन नको. मजकूर दोन कॉलममध्ये बसेल असा करून बुधवारपर्यंत तुमच्या अमळनेरच्या वार्ताहरांकडे पोचवू. मधल्या स्वरांसाठी एखादी वेगळी खूण लागेल, ती तुमच्या टाइपात नसेल तर आधी कळवा म्हणजे आम्ही हाताने लिहून स्कॅन करून देऊ. पहिलं गाणं तयार आहे, मावशींनी परवा फोनवर हो म्हटलंय.

आपली वाचक,
एक संगीत शिक्षिका,
अमळनेर परिसर, जि. जळगाव